जागा अण्णांची, पसारा आमचा

मागच्या शनिवारी भोरला गेलो होतो. कारण नेहमीचंच. "कॉम्प्युटर काहीतरी म्हणतोय, बघून जा जरा." सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या प्रत्येक पोराला घरून हा फोन येतोच. आपण हापिसात दिवसभर कुठल्यातरी सर्व्हरच्या पोटात डोकं घालून बसतो, प्रिंटर का चालत नाही हे आपल्याला सुद्धा कळत नाही, हे घरच्यांना पटवणं ब्रह्मदेवाला जमायचं नाही. असो.

या वेळी प्रिंटर नव्हता. डिस्क भरली होती. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, आणि कोपऱ्यातून दर दहा मिनिटांनी तीच सूचना: जागा संपत आली आहे, नको असलेल्या फाइल्स काढून टाका.

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. सूचना आली म्हणजे पाळायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. कापूरहोळचा फाटा सोडून मी घरी पोचेपर्यंत त्यांनी शाळेच्या जुन्या वहीतलं एक पान फाडून यादी करून ठेवली होती. वर अधोरेखित मथळा: 'कॉम्प्युटरमधून काढायच्या वस्तू'. खाली सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून: आजीचे फोटो (एकासारखे एक आहेत, निम्मे चालतील). ताईच्या लग्नातले जेवणावळीचे फोटो. गणपतीचे, दर वर्षीचे पाच ठेवून बाकीचे. आणि सगळ्यात शेवटी, जरा बारीक अक्षरात, 'माझे लेख – जुने'.

तीन रात्री बसले होते म्हणे त्यावर. आई म्हणाली, "जेवताना सुद्धा तेच. हा ठेवू का तो ठेवू."

मी गंमत म्हणून त्या यादीची बेरीज केली. चारशेच्या आसपास फोटो आणि पंधरा-वीस वर्षांचे लेख. सगळं मिळून १.३ जीबी. यातले 'माझे लेख – जुने' किती होते सांगू? ४१ एमबी. आणि त्या ४१ मधले बरेचसे मध्ये चिकटवलेल्या नकाशांचे. नुसता मजकूर काढला तर तीन एमबी सुद्धा भरला नसता.

मग मी विनडिरस्टॅट टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००३ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे. काही साफ-बिफ करत नाही, नुसतं दाखवतं. डिस्कवरची प्रत्येक फाईल तिच्या आकाराच्या रंगीत चौकोनात मांडतं, म्हणजे कोण किती जागा बळकावून बसलंय ते नकाशावर दिसतं. पाच मिनिटं लागली आणि नकाशा उघडला. मी तो अण्णांना दाखवायच्या आधी खिडकी लहान केली. का, ते सांगतो.

डिस्क १२० जीबीची. (त्यातले दिसतात १११. कारण डिस्क विकणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. दुधात पाणी म्हणा हवं तर, पण बेकायदेशीर नाही.) पैकी सगळ्यात मोठा, विंडोजपेक्षाही मोठा, हिरवागार चौकोन २९ जीबीचा. तो माझा होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी चार महिने भोरला होतो, तेव्हा एक ॲप लिहायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. त्याची अवजारं, खोटा फोन चालवणारा एम्युलेटर, त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या. ॲप काही झालं नाही. मी पुण्याला गेलो. २९ जीबी तिथेच.

त्याच्या शेजारी १७ जीबीचा चौकोन, ताईच्या जुन्या फोनचा बॅकअप. तो फोन आता तिच्याकडे सुद्धा नाही. मग अपडेटचं उरलंसुरलं, सहा जीबी. मशीन झोपवताना रॅम जिथे ओतून ठेवतात ती हायबरनेशनची फाईल, ३.२ जीबी (अण्णा कॉम्प्युटर कधीच झोपवत नाहीत, बंद करतात आणि वर मेन स्विचही बंद करतात). दोन ब्राउझरचे मिळून साडेपाच. गप्पांच्या ॲपमध्ये सुप्रभात म्हणणारे सूर्य, गुलाब आणि व्हिडिओ, सहा. या सगळ्या गर्दीत अण्णांच्या स्वतःच्या मालकीचं, फोटो धरून, काय होतं? पाच जीबी आणि थोडे वर. कोपऱ्यात एक लहानशी निळी पट्टी.

आणि यादी त्या निळ्या पट्टीची झाली होती.

भोरच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. वेळवंडीच्या खोऱ्यातल्या जमिनी त्याच्याखाली गेल्या, आणि ते पाणी नीरा नदीतून वीरला आणि तिथून कालव्यांनी खाली जातं, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. त्या पाण्यावर ऊस तिकडे पिकतो. इकडे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन फिरताना मी स्वतः पाहिल्यात. साठा आमच्या दारात, वापर दुसऱ्याचा, आणि काटकसरीचा उपदेश पुन्हा आम्हालाच. अण्णा पाण्याखाली गेलेल्या शेतांची, वाड्यांची, पाणवठ्यांची नावं गोळा करतात, म्हाताऱ्या माणसांकडे बसून. 'माझे लेख – जुने' म्हणजे ती नावं. त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. फक्त तोच हिशोब आपल्या टेबलावरच्या डब्यातही चालू आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी ते इतकी वर्षं केलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. 'डिस्क भरली' म्हटलं की आपण सगळे, म्हणजे आयटीवाले, घरच्यांना एकच सल्ला देतो. नको ते डिलीट करा. हा सल्ला चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातला आहे. घरगुती कॉम्प्युटरवर सगळ्यात कमी जागा घेणारी गोष्ट म्हणजे त्या घरातल्या माणसाने स्वतः तयार केलेली गोष्ट, आणि परत कुठेच मिळणार नाही अशी गोष्टही तीच. ब्राउझर परत उतरवता येतो, ऑफिस परत टाकता येतं, माझा एम्युलेटर तर जगात हजार ठिकाणी पडलाय. पण या सगळ्याला आपण 'सिस्टिम' म्हणतो, त्याला हात लावायचा नाही अशी तंबी देतो. मग सामान्य माणसाच्या हाताशी उरतं काय? माय पिक्चर्स आणि माय डॉक्युमेंट्स. ज्या फोल्डरच्या नावात 'माझं' आहे, कापायला फक्त तोच सापडतो.

बरं, हा पसारा आला कुठून? आपणच घातला. विंडोज ९५ ला ५०-५५ एमबी जागा पुरायची. विंडोज ११ चं बसायला किमान ६४ जीबी पाहिजे, हे कंपनीच सांगते. हजार पटीहून जास्त. त्यातली बरीचशी वाढ योग्य कारणांनी झाली, मान्य आहे. सुरक्षितता, मोठे पडदे, जगभरच्या लिप्या (आपली मराठी सुद्धा त्यातच आली). पण बाकीची? आज डेस्कटॉपवरची निम्मी गप्पांची आणि मीटिंगची ॲप्स इलेक्ट्रॉनसारख्या साच्यांवर बनतात. म्हणजे प्रत्येक ॲप स्वतःच्या पोटात एक अख्खा ब्राउझर घेऊन येतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! हे आम्ही का करतो? आम्हाला तीन सिस्टिमसाठी तीनदा लिहायचा कंटाळा येतो म्हणून. आमचे दोन महिने वाचतात, तुमचे पाचशे एमबी जातात. हा सौदा तुम्हाला कोणी विचारून केला होता का?

निकलाउस विर्थ नावाचे गृहस्थ होते, पास्कल भाषेचे जनक. त्यांनी १९९५ मध्येच सडपातळ सॉफ्टवेअरसाठी अर्ज केला होता, एक लेख लिहून. हार्डवेअर जितकं जलद होतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होतंय, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तो लेख कॉलेजात वाचतो, माना डोलावतो आणि नोकरीला लागलो की विसरतो.

"अरे मग मोठी डिस्क घे ना," हे तुमच्यातले निम्मे म्हणत असणार. घ्या की. मी पण घेणार आहे. पण सोसायटीत पार्किंग वाढवलं की गाड्या कमी होतात का? पुण्यात राहणाऱ्याला हे मी सांगायला नको.

दुसरा सल्ला क्लीनर टाकायचा. एक बटण दाबा आणि कॉम्प्युटर चकाचक. यातल्या सगळ्यात नावाजलेल्या सीक्लीनरचं २०१७ मध्ये काय झालं ते आठवतंय? त्याच्या ५.३३ या आवृत्तीत, कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमध्येच, कोणीतरी घुसून घातक कोड घातला होता. जवळजवळ २३ लाख कॉम्प्युटरवर ती आवृत्ती पोचली. कचरा काढायला बोलावलेला माणूस चोराला घेऊन घरात आला.

आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जे केलं ते तर शिकवणीत सांगण्यासारखं आहे. आधीच्या एका अपडेटमुळे काही लोकांकडे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी दोन-दोन फोल्डर दिसायला लागली होती. लोकांनी तक्रार केली, म्हणून पुढच्या अपडेटमध्ये इंजिनिअर लोकांनी ती जास्तीची जुनी फोल्डर उडवायची सोय केली. ती रिकामीच असतील असं त्यांनी धरून चाललं. काहींची रिकामी नव्हती. लोकांचे खरे फोटो, खरी कागदपत्रं गेली. चार दिवसांत अपडेट थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून परत काढावं लागलं. फार थोड्या लोकांना फटका बसला असं कंपनीने सांगितलं. ते खरंही होतं. पण ज्याचं गेलं त्याचं शंभर टक्के गेलं ना.

त्याच आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत 'डाउनलोड्स' हा फोल्डरही येऊन बसला. टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स यांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच निरुपद्रवी चेहरा करून. इतकी वर्षं डोळे मिटून सगळ्या चौकटींवर खुणा करायची सवय झालेल्यांनी तिथेही खूण केली. २०२० मध्ये तो तिथून काढला. पण मुळात तो तिथे टाकणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल? की डाउनलोड म्हणजे कचरा. आमच्या आईने पेन्शनच्या कागदाची पीडीएफ डाउनलोड्समध्येच ठेवलीये. तिच्या दृष्टीने ती कपाटातल्या वरच्या कप्प्यात आहे.

तिसरा सल्ला क्लाउडचा. गूगल फोटोजने २०१५ मध्ये सांगितलं, टाका हवे तेवढे फोटो, फुकट. लोकांनी टाकले. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरायला सुरुवात झाली. पुन्हा तीच सूचना, जागा संपत आली आहे. फक्त आता तिच्या खाली पैसे भरायचं बटण. माझा क्लाउडला विरोध नाही, मी स्वतः दरमहा भरतो. पण तो भाड्याचा गाळा आहे, आपलं घर नव्हे. दोन वर्षं वापर नसलेली खाती डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात केली आहे त्यांनी. अण्णांच्या पिढीतल्या माणसाने दोन वर्षं लॉगिन केलं नाही तर त्यात नवल काय?

पण या सगळ्याहून मला राग येतो तो एका शहाणपणाचा. 'सहा महिने उघडली नाही ना? मग ती फाईल नकोय तुला.' हे मी पण म्हणायचो. मोठ्या ऐटीत.

२०१४ मध्ये अण्णांना नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुन्यातलं सामान मी हलवलं. त्यांचे लेख १९९९ पासूनचे. म्हणजे युनिकोड घरोघरी येण्याच्या आधीचे, एका जुन्या मराठी टायपिंग पॅकेजमध्ये लिहिलेले. नव्या मुलांसाठी सांगतो, तेव्हा श्रीलिपी, आकृती, आयएसएम असा प्रत्येकाचा वेगळा संसार होता. फाईलमध्ये 'क' लिहिलेला नसायचाच. तिथे असायचं कुठलं तरी इंग्रजी किंवा युरोपी चिन्ह, आणि त्या विशिष्ट फाँटमध्ये त्या चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. फाँट काढला की मराठी गेली. माझ्या डोळ्यांसमोर ते फाँट होते, प्रत्येकी साठ-सत्तर केबी. 'आता युनिकोड आलंय, हे कोण वापरतंय' म्हणून मी ते नव्या मशीनवर नेलेच नाहीत. सगळे मिळून एक एमबी वाचला असेल.

तीन महिन्यांनी अण्णांनी विचारलं, "अरे, हे असं का दिसतंय?" पडद्यावर उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं. "माझ्या हातून काही दाबलं गेलं का?" तीन महिने त्यांना वाटत होतं की चूक त्यांची आहे, म्हणून ते बोलले नव्हते!

मग पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला एका डीटीपीवाल्याकडे जुनी सीडी मिळाली, बरेचसे लेख परत दिसायला लागले. कन्व्हर्टरमधून युनिकोड केले तेव्हा रफार भलत्या अक्षरावर आणि पहिली वेलांटी शेजारच्या घरी, असं झालं. अण्णांनी ते सगळं हाताने सुधारलं. एक फाईल मात्र आजही वाचता येत नाही. २१२ केबी. तिचा फाँट त्या सीडीवर नव्हता. त्यात काय आहे ते अण्णांना नीटसं आठवत नाही, "बहुतेक पऱ्हर खोऱ्यातली नावं" म्हणतात. ती कोणी बारा वर्षांत वाचलेली नाही. काढू का?

हे सगळं माहीत असून परवा मी उशीर केला. यादीतल्या पहिल्या ओळीसमोर लाल पेनाने बरोबरची खूण होती, ती मी आधी पाहिलीच नाही. अण्णांनी शुक्रवारी रात्री सुरुवात केली होती. आजीचे ३८ फोटो. २००९ च्या मे महिन्यातले, पाणी उतरल्यावर कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं तेव्हा तिला तिथे नेलं होतं त्या दिवसाचे. तिचं माहेर त्याच काठाचं. रीसायकल बिनही रिकामी केलेली, कारण 'तेही करायचं असतं' असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

पूर्वी, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क होत्या तेव्हा, डिलीट केलेलं बरेचदा परत मिळायचं. नोंद पुसली जायची, माल जागेवरच असायचा. एसएसडीत तसं नसतं. फाईल पुसली की सिस्टिम डिस्कला कळवते, हे कप्पे आता नकोत, आणि डिस्क ते आपल्या सवडीने रिकामे करते. याला ट्रिम म्हणतात. त्यामुळे मशीन जलद राहतं. मी दोन तास वेगवेगळी अवजारं लावून बघितली. एकही फोटो आला नाही. ती एसएसडी २०१९ मध्ये मीच बसवली होती. आणि जुनी हार्ड डिस्क? "सगळं कॉपी झालंय अण्णा" म्हणून मीच भंगारात दिली.

३८ फोटोंनी किती जागा मिळाली असेल? ९० एमबीच्या आसपास. माझ्या एम्युलेटरचा तीनशेवा हिस्सा सुद्धा नाही.

अण्णा म्हणाले, "असू दे. बाकीचे आहेत की." मी मान खाली घालून नकाशा मोठा केला आणि त्यांना दाखवला. हिरवा चौकोन कोणाचा ते पण सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच घाबरलो."

नंतरचं काम चाळीस मिनिटांचं होतं. एम्युलेटर गेला. हायबरनेशन बंद केलं, ती फाईल आपोआप गेली. (याने मशीन सुरू व्हायला चार सेकंद जास्त लागतात. चालतंय.) अपडेटचं उरलेलं सिस्टिमच्याच सोयीने काढलं, फक्त डाउनलोड्सच्या चौकटीवर नजर ठेवून. ब्राउझरची साठवण रिकामी केली, पासवर्ड ठेवून. गप्पांच्या ॲपमधले व्हिडिओ आकाराप्रमाणे लावले आणि वरचे चार जीबी अण्णांना एकेक विचारून उडवले. विचारून, कारण सुप्रभातच्या ढिगाऱ्यात त्यांच्या एका विद्यार्थ्याचा निरोप निघाला. मग अण्णांचं सगळं, ती २१२ केबीची फाईल आणि सगळे फाँट धरून, दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर. एक भोरला कपाटात, एक माझ्याकडे पुण्यात. आधी हे करायला हवं होतं, ते शेवटी केलं. ४७ जीबी मोकळे झाले. अण्णांच्या निळ्या पट्टीला हातही लावला नाही.

राहिला ताईचा १७ जीबीचा बॅकअप. तिला फोन लावला. म्हटलं, तो फोन आता नाहीये, बॅकअप उडवू का?

"नको नको," ती म्हणाली. "राहू दे की तिथे. कधी लागला तर?"

मी वाद घालणार होतो. अण्णांनी हाताने थांबवलं. "राहू दे. तिचं आहे ते."